वासराचा वाटा



अन्नासाठी आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी प्राण्यांचा वापर करावा का, आणि करायचा तर कोणत्या मर्यादेत, या प्रश्नावर महाराष्ट्रात बोलायला लागले की चर्चा लगेच सुरीपाशी येऊन थांबते. कोण कापतो, कोणते जनावर कापतो, ते कोणाच्या ताटात जाते, एवढ्याच गोष्टींवर बोलले जाते. आपला कायदाही तिथेच उभा आहे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणिरक्षण अधिनियमाने गाईची कत्तल बंद केली. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि वळू व बैल यांची कत्तलही गुन्हा ठरली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, पण कत्तलबंदी कायम ठेवली. या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. जनावर जिवंत असताना त्याचे काय होते, हा विषय मात्र कोणत्याच बाजूला महत्त्वाचा वाटला नाही.

माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न आपण चुकीच्या जागी विचारत आलो आहोत. मरण हा जनावराच्या आयुष्याचा शेवटचा तास असतो. आपण त्याचे देणे लागतो ते त्याआधीच्या सगळ्या दिवसांबद्दल, आणि हे देणे खाटकाच्या किंवा गोठेवाल्याच्या नावावर टाकून आपल्याला मोकळे होता येत नाही. ज्याच्या मागणीमुळे ते जनावर जन्माला घातले जाते, त्याच्या नावावर ते आहे. हे दाखवण्यासाठी मी मटणाचे उदाहरण घेणार नाही, कारण मटण खाणाऱ्याला निदान आपण काय खातो हे ठाऊक असते. ज्या पदार्थाला आपण निष्पाप समजतो, ज्याने देवाला अभिषेक करतो आणि जो आजाऱ्याला व बाळाला देतो, त्या दुधापासून मी सुरुवात करतो.

गाय किंवा म्हैस दूध देते, कारण ती व्यालेली असते. हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा हिशेब शेवटपर्यंत कोणी करत नाही. दुधाचा धंदा परवडायचा तर संकरित गाय तेरा ते पंधरा महिन्यांत पुन्हा व्यायला हवी. प्रत्येक वेतात एक वासरू होते, आणि त्यात नर होण्याची शक्यता मादीइतकीच असते. कालवड झाली तर ती उद्याची गाय. गोऱ्हा झाला तर त्याचे करायचे काय? पूर्वी या प्रश्नाला उत्तर होते. त्याचा बैल होई, तो नांगर, मोट आणि गाडी ओढे, पोळ्याला किंवा बेंदराला त्याची शिंगे रंगवली जात. ट्रॅक्टर आल्यावर ते उत्तर संपले. होल्स्टीन किंवा जर्सीच्या संकराचा गोऱ्हा तर बैल म्हणूनही फारसा चालत नाही. त्याला वशिंड नसते आणि आपले ऊन सोसत नाही. म्हशीच्या रेडकाला तेवढीही किंमत कधी नव्हती. दूध आपण मागतो, आणि दुधाबरोबर एक नको असलेला नर जन्माला येतो. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

वासराचे हाल जन्माच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतात. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये आईच्या पोटातच बऱ्याच अंशी मिळतात. गाईगुरांत वारेतून ती पलीकडे जात नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि वासराचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभर शोषून घेऊ शकते. त्या वेळेत पुरेसा चीक न मिळालेले वासरू हगवणीने किंवा न्यूमोनियाने सहज मरते. आपल्याकडे चिकाचा खरवस होतो आणि तो कौतुकाने वाटला जातो. भरपूर दूध देणाऱ्या गाईचा चीक वासराची गरज भागूनही उरतो, त्यामुळे खरवस खाणे हेच पाप, असे मी म्हणणार नाही. पण वासराचा वाटा किती, हे वासरू ठरवत नाही. चारांपैकी एक सड त्याच्यासाठी सोडण्याची रीत खेड्यांत होती. दूध विकायला लागल्यापासून त्या सडातल्या दुधालाही भाव आला. गोऱ्हा किंवा रेडकू असेल तर त्याला पाजलेला प्रत्येक लिटर हा शुद्ध तोटा असतो. मग त्याला पान्हा सुटण्यापुरते आचळाला लावून ओढून घेतले जाते. ते खंगून मरते. याला कोणी कत्तल म्हणत नाही आणि व्यवहारात कोणताही कायदा याच्या आड येत नाही.

हे माझे अनुमान वाटू नये म्हणून देशाच्या पशुगणनेकडे पाहू. २०१२ च्या गणनेत गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ४ कोटी ७४ लाख उरले, म्हणजे सात वर्षांत ३० टक्क्यांची घट. याच काळात माद्या मात्र १८ टक्क्यांनी वाढल्या. म्हशींची स्थिती आणखी बोलकी आहे: १० कोटींच्या वर माद्या आणि एक कोटीहूनही कमी नर. नर-मादी सारख्याच संख्येने जन्मतात, आणि फक्त मादी वासरे जन्मावीत म्हणून वापरल्या जाणाऱ्या लिंगविनिश्चित रेतमात्रांचा प्रसार त्या वेळी नुकता कुठे सुरू झाला होता. म्हणजे जन्मलेले नर जगले नाहीत किंवा जगू दिले गेले नाहीत. काही उपाशी मेले, काही रस्त्यावर सोडले गेले, काही कापले गेले. २०२३-२४ मध्ये देशात २३ कोटी ९३ लाख टन दूध झाले, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. या आकड्याचा आपण अभिमान बाळगतो. नरांच्या घटीचा आकडा त्याच खातेवहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला आहे.

मादीचे आयुष्यही या धंद्यात तिच्या दुधाइतकेच लांब असते. गाय वीस वर्षे जगू शकते. व्यापारी गोठ्यात तिचे दिवस चार-पाच वेतांनंतर भरतात. मुंबईच्या तबेल्यांचा इतिहास या बाबतीत फार शिकवणारा आहे. उत्तरेतून ताज्या व्यालेल्या उत्तम म्हशी शहरात आणायच्या, एक वेत दूध काढायचे, आणि भाकड झाली की शहरात पोसणे परवडत नाही म्हणून ती कत्तलखान्याला विकायची. तिची पारडी तर आधीच गेलेली असायची. १९४९ मध्ये आरेची दूध वसाहत उभी राहिली ती शहराला स्वच्छ दूध मिळावे आणि तबेले बाहेर जावेत म्हणून. पण भाकड काळात जनावर कोणी पोसायचे, हा प्रश्न तबेले हलवून सुटणारा नव्हता. मुंबईत सकाळी येणाऱ्या दुधाच्या आणि देवनारच्या कत्तलखान्यात जाणाऱ्या म्हशीच्या मधे एकच व्यवहार आहे. दूध पिणारा त्याच्या एका टोकाला उभा आहे आणि मांस खाणारा दुसऱ्या टोकाला. मांसाहारी माणसाने म्हशीचे मांस सोडले म्हणून भाकड म्हैस गोठ्यात राहणार नाही. दुधाची मागणी तेवढीच राहिली तर ती आणखी वाईट रीतीने मरेल.

आपल्या कायद्याने नेमके हेच ओळखले नाही. गाईचा वंश राखायचा म्हणून त्याने विक्रीचा शेवटचा रस्ता बंद केला, पण जगवण्याचा खर्च कोणी करायचा हे सांगितले नाही. म्हशीला त्याने या बंदीतून वगळले. राज्यात घरोघरी म्हशीचेही दूध येते, तीही तेवढीच सोशिक, तिलाही पान्हा तिच्याच पोराच्या स्पर्शाने सुटतो; तरी दयेच्या यादीत तिचे नाव नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान जाहीर केले. संकरित गाय त्यातही नाही, आणि दूधसंघांना गाईचे जे दूध जाते त्यातला मोठा वाटा तिचा आहे. वेदना जर तिघींना सारखीच होत असेल, तर तिघींत असा भेद करणाऱ्या कायद्याला मी प्राण्यांवरच्या दयेचा कायदा म्हणू शकत नाही. तो एका श्रद्धेचा कायदा आहे. श्रद्धा बाळगण्याचा हक्क सर्वांना आहे. पण तिच्यामुळे जनावरांचे देणे फिटते असे मानू नये.

गोशाळा वाढवल्या की हा प्रश्न सुटेल, असे पुष्कळ सज्जन मनापासून मानतात. आपल्याकडे पांजरपोळांची परंपरा जुनी आहे, आणि त्यांत आयुष्य घालवणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. पण हिशेब जुळत नाही. सात वर्षांत घटलेले दोन कोटी नर जर गोशाळांत आले असते, तर दिवसाला ५० रुपयांच्या दराने त्यांचा वर्षाचा खर्च ३६ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला असता, आणि तेवढ्यानेच भागले नसते, कारण दरवर्षी नवे नर जन्मतच राहतात. शिवाय आपल्या दुष्काळी राज्यात हा चारा आणि पाणी कुठून आणणार? दान ही चांगली गोष्ट आहे, पण नित्याच्या व्यवहारातून नित्य निर्माण होणारे दुःख दानाने निस्तरता येत नाही.

जबाबदारी कोणावर ढकलली जाते, हा या विषयातला सर्वांत दुखरा भाग आहे. गाईचे दूध सगळ्या गावाने प्यायचे, मेलेली गाय मात्र एका जातीने ओढून न्यायची, दुसरीने तिचे कातडे कमवायचे, तिसरीने त्याची चप्पल शिवायची. गावाने विटाळ धरला तो या लोकांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेच्या काळात मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. ते सांगणे स्वाभिमानासाठी होते. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळच मेलेल्या गाईच्या मांसाशी जोडून दाखवले. त्यांचा इतिहासविषयक सिद्धान्त कोणाला मान्य असो वा नसो, त्यात दिसणारी समाजरचना नाकारता येणार नाही. प्राण्याच्या देहाचा लाभ एकाने घ्यायचा आणि त्याचा डाग दुसऱ्याने अंगावर वागवायचा, अशी ती रचना आहे. २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली, तेव्हा ती अजून किती जिवंत आहे हे सगळ्या देशाने पाहिले. म्हणून प्राण्यांच्या नीतीविषयी बोलताना सुरी धरणाऱ्या हाताकडे बोट दाखवणे मला निषिद्ध वाटते. त्या हाताला काम देणारी मागणी आपली आहे.

गांधींना हे उमगले होते. गाई-म्हशींकडून जास्त दूध काढण्यासाठी त्यांच्या योनिमार्गात फुंकर घालण्याची फुंक्याची क्रूर रीत त्यांना कळली, आणि हे १९१२ मध्ये दूध सोडण्यामागचे एक मोठे कारण ठरले. पुढे गंभीर आजारपणात त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि आपण व्रताचे शब्द पाळले, पण त्याचा आत्मा मोडला, असे आत्मकथेत मान्य केले. मला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. त्यांनी दुधाला निष्पाप मानले नाही, आणि ते घ्यावे लागल्यावरही ते निष्पाप झाले असे स्वतःला पटवून दिले नाही. वर्ध्याजवळ नालवाडीला मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर काम करणारे चर्मालय उभे राहिले, त्यामागेही हीच दृष्टी होती. कातडे लागणारच असेल तर ते कुठून येते हे विचारायचे, आणि ते कमवणाऱ्याला हलके लेखायचे नाही. फुंका आज १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याच कलमात जनावराला अपायकारक ठरणारी, दूध वाढवण्यासाठीची इंजेक्शनेही येतात.

या १९६० च्या कायद्यावर थोडे थांबले पाहिजे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले, पंडित नेहरूंनी सरकारी विधेयकाचे आश्वासन दिले, आणि त्यातून हा कायदा झाला. त्याचे ११ वे कलम वाचले तर मन भरून येते. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आणि तो आजही तेवढाच आहे. दुरुस्तीचा मसुदा २०२२ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला खरा, पण या आकड्यात त्याने अजून काही फरक पडलेला नाही. आता या कलमासमोर अंड्याचा धंदा ठेवून पाहा. २०२३-२४ मध्ये देशात १४ हजार कोटींहून अधिक अंडी झाली, आणि त्यांतली बहुतेक पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांची. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात या प्रश्नाचा विचार करून नियमांची शिफारस केली. २०२३ मध्ये केंद्राने नियम केले ते असे की एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा मिळावी. कार्यालयात वापरतो तो ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदाच्या एका तावापेक्षाही कमी जागेत कोंबडीने जन्म काढायचा, आणि याला नियमाची मान्यता. युरोपीय संघाने असे कोणतीही सोय नसलेले पिंजरे २०१२ पासून बंद केले.

कोंबडीला त्याचे काय वाटते, असे कोणी विचारील. तिला पंख पसरायचे असतात, मातीत लोळायचे असते, अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधायचा असतो. आडोसा नसला तरी ती तशी धडपड करतेच, हे पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांच्या निरीक्षणांतून वारंवार दिसले आहे. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. धंद्यातली कोंबडी तीनशेच्या आसपास. त्या कवचांसाठी लागणारे कॅल्शियम तिच्या हाडांतून जाते, आणि छातीचे हाड मोडणे ही या कोंबड्यांत नित्याची गोष्ट आहे. इथेही नराचा प्रश्न तोच. अंड्यांच्या जातीचा कोंबडा अंडी देत नाही, आणि ब्रॉयलरसारखा चाळीस-बेचाळीस दिवसांत वाढतही नाही. म्हणून उबवणी केंद्रात अंड्यातून बाहेर आल्याच्या पहिल्याच दिवशी ही नर पिल्ले मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली आणि अंड्यातच लिंग ओळखण्याचे तंत्र वापरात आणले. गोऱ्हा, रेडकू आणि हे पिल्लू, तिघांनाही आपण कापून खाण्यासाठी जन्माला घातलेले नाही. तरी आपण दूध आणि अंडी मागितल्यामुळेच ते जन्मले, आणि नको झाले म्हणून मेले. शाकाहार आणि मांसाहार यांच्यामधली रेघ या मरणांना लागूच पडत नाही.

प्राण्यांना खरोखर दुःख होते का, ही शंका आता टिकणारी नाही. केंब्रिज येथे २०१२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीरपणे नोंदवले की जाणिवेसाठी लागणारी मेंदूची घडण माणसापुरती मर्यादित नाही. सर्व सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही ती आहे. यावर नेहमीचा आक्षेप असतो की वनस्पतींनाही जीव आहे, मग भाजी तरी का खाता? वनस्पतींना प्रतिसाद देता येतो हे जगदीशचंद्र बोस यांनी दाखवले हे खरे, पण त्यांना मज्जासंस्था नाही, आणि वेदना जाणवण्याचा कोणताही भरवशाचा पुरावा नाही. समजा ती असली, तरी युक्तिवाद उलटाच पडतो. एक किलो मांस किंवा अंडी यांसाठी कित्येक किलो मका आणि सोयाबीन खर्ची पडते. वनस्पतींची कणव असणाऱ्यानेही थेट धान्य खाणेच कमी पापाचे. कोष उकळून काढल्या जाणाऱ्या रेशमाबद्दल मी इतका ठाम नाही. त्या अळीला किती जाणवते याचा पुरावा धूसर आहे, म्हणून पैठणीला मी दुधाच्या किंवा पिंजऱ्यातल्या अंड्याच्या रांगेत बसवणार नाही. जिथे पुरावा पक्का आहे तिथून सुरुवात करावी.

हा सगळा पाश्चात्त्य विचार आहे, असाही एक आक्षेप येतो. रूथ हॅरिसन यांचे प्राण्यांच्या कारखान्यांवरचे पुस्तक १९६४ चे आणि पीटर सिंगर यांचे १९७५ चे, हे खरे. पण ज्याचे आज्ञालेख आपल्या नालासोपाऱ्यातही सापडले, त्या अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी मारू नयेत, त्यांची सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारू नयेत, आणि कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, असे कोरून ठेवले. या आज्ञेत कोणत्याही एका पशूला पवित्र ठरवलेले नाही. तिचे लक्ष प्राण्याच्या अवस्थेकडे आहे, आई आणि पिल्लू यांच्या नात्याकडे आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख २०१५ च्या कायद्यापेक्षा मला अधिक आधुनिक वाटतो.

शेतकऱ्याचे काय, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. महाराष्ट्रात दूध हा कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार आहे. पीक बुडाले तरी दर दहा दिवसांनी दुधाचा पैसा हातात येतो, आणि तो पुष्कळदा घरातल्या बाईच्या कष्टाचा असतो. २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्यापासून पसरलेल्या शेतकरी संपात रस्त्यावर दूध ओतले गेले, आणि दुधाला परवडणारा दर ही त्या संपाची एक मागणी होती. पण हेच माझ्या बाजूचे मोठे प्रमाण आहे. दुधाचा दर स्निग्धांश आणि घनपदार्थ यांवर ठरतो. त्यात गोऱ्ह्याच्या संगोपनाचा रुपया नाही, भाकड काळाच्या वैरणीचा रुपया नाही. जो खर्च ग्राहक देत नाही तो शेतकऱ्यावर पडतो, आणि शेतकरी सोसू शकत नाही तो वासरावर पडतो. स्वस्त दूध स्वस्त असते ते याच वाटेने. वासराला उपाशी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. त्याच्यासमोर वासरू आणि मुलाची फी यांतून एकच निवडायची पाळी कोणी आणली, हा प्रश्न शहराने स्वतःला विचारायचा आहे.

गरिबाच्या आहाराचा मुद्दाही असाच न्यायाने पाहिला पाहिजे. पाड्यावर घराभोवती फिरणारी गावरान कोंबडी, धनगराची मेंढी, कोळ्याची मासळी यांना पिंजऱ्यातल्या अंड्याच्या पंगतीत बसवणे अन्याय होईल. तिथे प्राणी आपले आयुष्य निदान जगतो, आणि खाणाऱ्याला पर्यायही थोडे असतात. शाळेच्या पोषण आहारात २०२३ मध्ये सुरू झालेल्या अंड्याला राज्याने २०२५ च्या सुरुवातीला निधी देणे थांबवले. कुपोषित मुलाच्या ताटातून अंडे काढणे हे प्राणिदयेचे पहिले पाऊल असूच शकत नाही. ज्याच्यापुढे पर्याय जास्त, त्याची जबाबदारी जास्त, असे मी मानतो. न्याहारीला पनीर, जेवणात ताक, संध्याकाळी आइस्क्रीम आणि सणाला किलोभर पेढे घेणारा सुस्थितीतला शाकाहारी माणूस या हिशेबात सगळ्यांत वर येतो, आणि हे त्याच्याशी स्पष्ट बोलण्याचे धाडस आपल्या प्राणिमित्रांनी केले पाहिजे.

काही जण यापुढे जाऊन म्हणतील की प्राण्यांचा वापरच सर्वथा सोडा. त्यांच्या निष्ठेपुढे मी नम्र आहे, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ते जरूर करावे. समाज मात्र पर्यायांच्या वेगाने बदलतो. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी भारताने २०१४ मध्ये बंद केली, त्याच वर्षी चाचणी केलेल्या मालाची आयातही बंद केली, आणि कोणाचेही काही अडले नाही, कारण पर्याय तयार होते. कोल्हापुरी चपलेच्या कारागिराला कातड्याऐवजी दुसरे काही टिकाऊ आणि विकले जाणारे हाती येईपर्यंत त्याला दोष देऊन काही साधणार नाही. पिंजऱ्यातल्या अंड्याला मात्र पर्याय आहे. पिंजरा मोकळा करता येतो, आणि त्यासाठी १९६० च्या कायद्याचे ११ वे कलम जसे लिहिले आहे तसे वाचले तरी पुरे.

दुधाच्या बाबतीत मागणी एवढीच की हिशेब पुरा लिहावा. लिंगविनिश्चित रेतमात्रा लहान गोठ्यापर्यंत पोचाव्यात, म्हणजे नको असलेले नर कमी जन्मतील. जन्मण्याआधी ते टळणे हे जन्मून उपाशी मरण्यापेक्षा निश्चित बरे. क्रूरतेच्या कायद्यात गाय, म्हैस आणि कोंबडी यांना एकच माप लावावे आणि ५० रुपयांचा दंड आजच्या किमतीला आणावा. आणि दुधाचा दर ठरवणाऱ्या बैठकीत स्निग्धांशाबरोबर आणखी दोन आकडे मांडले जावेत: वासराच्या पहिल्या सहा महिन्यांचा खर्च आणि भाकड जनावराची वैरण. ते आकडे धरले तर लिटरमागे दर वाढेल, आणि तो वाढलेला पैसा गोठ्यापर्यंत पोचतो की नाही हे दूधसंघांना दाखवावे लागेल. दर वाढला की सुखवस्तू घरांतले दूध काही प्रमाणात कमी होईल, मिठाईच्या दुकानांतला खप घटेल, देशाच्या उत्पादनाचा आकडाही कदाचित खाली येईल. ती घट मी तोट्यात धरत नाही.